रास्पबेरी पाय किंवा तत्सम बोर्डावरील प्रोसेसर नेमका कसा ओळखावा

जुना रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक, हाती आला की त्यावर कोणती चिप आहे हे आधी ठरवावे लागते, कारण बोर्डाचे नाव त्यासाठी पुरेसे नसते. 'पाय २ मॉडेल बी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिपा विकल्या गेल्या: सुरुवातीच्या बोर्डांवर बीसीएम२८३६, तर नंतरच्या १.२ आवृत्तीवर बीसीएम२८३७. पहिलीवर ६४ बिटांची ऑपरेटिंग प्रणाली सुरूच होत नाही, दुसरीवर ती चालते.

प्रथम बोर्ड उजेडात धरून चिपेवरील छपाई वाचावी, मात्र तिच्यावर लगेच विसंबू नये. अगदी पहिल्या पायवर मेमरीची चिप प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेली असल्याने वरून दिसणारी अक्षरे मेमरी बनवणाऱ्या कंपनीची असतात, आणि ती प्रोसेसरची समजून भलतीच माहिती शोधत बसणारे पुष्कळ आहेत. पाय ४ वर धातूच्या झाकणावरील क्रमांक वाचता येतो, अर्थात त्यावर कोणी हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवलेला नसेल तर.

बोर्ड सुरू होत असेल, तर टर्मिनल उघडून 'कॅट' या आज्ञेने 'प्रॉक' डिरेक्टरीतील 'सीपीयूइन्फो' ही फाइल वाचावी. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत द्याव्यात.) या फाइलमधील 'हार्डवेअर' ही ओळ सर्वांत आधी नजरेत भरते आणि नेमकी तीच दिशाभूल करते, कारण कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या मूळ भागाच्या) ४.९ आवृत्तीपासून पाय २, ३ आणि ४ यांवरही तेथे बीसीएम२८३५ असेच नाव छापले जाऊ लागले. ही ओळ नसली तरी काही बिघडत नाही. विश्वासाची ओळ 'रिव्हिजन' ही होय.

या ओळीत हेक्साडेसिमल (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या पद्धतीचा) संकेत असतो. तो सहा अंकी असेल, तर उजवीकडून चौथा अंक चिप सांगतो: ० म्हणजे बीसीएम२८३५, १ म्हणजे २८३६, २ म्हणजे २८३७, ३ म्हणजे २७११ आणि ४ म्हणजे पाय ५ वरील २७१२. उदाहरणार्थ, 'ए०२०८२' या संकेतात उजवीकडून चौथा अंक २ आहे, म्हणून तो बीसीएम२८३७ असलेला पाय ३. 'सी०३१११' मध्ये तो ३ आहे, म्हणून तो पाय ४. वर सांगितलेले दोन पाय २ सुद्धा असेच वेगळे काढता येतात: 'ए०१०४१' मध्ये १ येतो, 'ए२२०४२' मध्ये २. '०००२' किंवा '००१०' असा लहानसा जुन्या धाटणीचा संकेत दिसला, तर आकडेमोड करूच नये. ते सर्व बोर्ड बीसीएम२८३५ चेच आहेत.

अन्य कंपन्यांच्या बोर्डांवर हा संकेत उपयोगाचा नसतो. तेथे 'सीपीयू पार्ट' ही ओळ पाहावी; तिच्यातील क्रमांक प्रोसेसरच्या स्वतःच्या रजिस्टरमधून येतो. डी०३ म्हणजे आर्म कंपनीचा कॉर्टेक्स-ए५३ हा गाभा (कोअर), डी०८ म्हणजे ए७२, डी०बी म्हणजे ए७६. परंतु हा गाभ्याचा क्रमांक आहे, संपूर्ण चिपेचा नव्हे: ऑलविनरचा एच५ आणि रॉकचिपचा आरके३३२८ या दोहोंत ए५३ च आहे. चिपेचे नाव हवे असल्यास 'प्रॉक'मधीलच 'डिव्हाइस-ट्री' या डिरेक्टरीतील 'कम्पॅटिबल' ही फाइल वाचावी. 'युनेम'ला 'एम' हा पर्याय देऊन मिळणारे उत्तर चिपेचे नसून कर्नलचे असते. ६४ बिटांच्या ए५३ वर ३२ बिटांचा कर्नल चढवला, तर ती आज्ञा 'आर्मव्ही७एल' असेच सांगते.

इंटेल किंवा एएमडीच्या संगणकावर काम सोपे आहे. लिनक्समध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्यावी, विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात पाहावे. व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकात) मात्र दिसणारे नाव बदललेले असू शकते.

अर्डुइनोसारख्या साध्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर लिनक्स नसल्यामुळे आपल्या संगणकावरून 'एव्हीआरड्यूड' या प्रोग्रॅमने चिपेची तीन बाइटांची सही वाचावी. अस्सल एटीमेगा३२८पीची सही १ई ९५ ०एफ अशी असते. ३२८पी म्हणून विकलेल्या बोर्डावर १ई ९४ ०६ दिसली, तर ती निम्म्या मेमरीची एटीमेगा१६८ आहे. ही तपासणी यूएसबीच्या केबलवरून करू नये, कारण तेव्हा उत्तर देणारा बूटलोडर (चिपेत आधीच भरलेला, नवे प्रोग्रॅम चढवणारा छोटा प्रोग्रॅम), विशेषतः ऑप्टिबूट, स्वतःत आधीच लिहून ठेवलेली सही परत करतो. त्यासाठी आयएसपी प्रोग्रॅमर (बूटलोडर टाळून चिपेशी थेट बोलणारे उपकरण) सहा पिनांच्या कनेक्टरला जोडून थेट चिपेलाच विचारावे.