अपडेटला जागा नाही? थांबा, फोटो पुसू नका

परवा रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला, "अरे तो लॅपटॉप म्हणतोय जागा नाही, मी नातीच्या बारशाचे सगळे फोटो काढून टाकले तरी तेच म्हणतोय." मी पहिला प्रश्न विचारला, रिसायकल बिन रिकामा केलास का? नाही म्हणाली. म्हटलं देव पावला, आता त्यात जा, फोटो सिलेक्ट कर, राइट क्लिक करून रिस्टोर कर, मग बोलू.

हे सगळ्यांकडे असंच होतं बघा. जागा संपली की माणूस आधी स्वतःचे फोटो पुसायला घेतो, म्हणजे जी एकच गोष्ट परत मिळणार नाही ती, आणि मशीनने स्वतः करून ठेवलेला पसारा, जो पुसला तरी काही बिघडत नाही, तो तसाच बसून असतो. बारशाचे फोटो सगळे मिळून ४०० एमबी पण नव्हते. आणि रिसायकल बिन म्हणजे काय तर सामान माळ्यावर टाकणं, घराबाहेर नाही, त्यामुळे नुसतं डिलीट केलं की जागा एक केबीने पण वाढत नाही.

आता मावशीचा लॅपटॉप: १२८ जीबीची एसएसडी (म्हणजे आतली डिस्क), विंडोजमधे ती ११९ दिसते (कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने, कोणी चोरलेली नसते), ८ जीबी रॅम, आणि विंडोज जिथे असतं त्या सी ड्राइव्हवर शिल्लक ३ जीबी. विंडोज ११ पण व्हर्जन २३एच२, ज्याचा सपोर्ट होम आणि प्रो वाल्यांसाठी ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला, म्हणजे सिक्युरिटीचे अपडेट बंद, आणि मावशी त्यावर बँकेची कामं करते. म्हणून त्यापुढचं व्हर्जन २५एच२ टाकणं भाग होतं. २४एच२ वर असाल तर २५एच२ अगदी छोटं अपडेट असतं, पण २३ वरून उडी मारायची म्हणजे जवळजवळ नवीन विंडोज बसवण्यासारखंच.

एवढी जागा का लागते तर जुनं कपाट बाहेर न काढता नवं आत आणायचं असतं. आधी फाइल्स डाउनलोड होतात, मग त्या उलगडतात, मग नवीन विंडोज जुन्याच्या शेजारी उभं राहतं, आणि जुनं काही दिवस विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमधे ठेवलं जातं, न जाणो परत जायची वेळ आली तर. मोठ्या अपडेटसाठी मी २५ जीबी मोकळे धरतो. कमीत पण होतं कधीकधी, पण मधेच अडकण्यापेक्षा बरं. एरर कोड ०एक्स८००७००७० आला असेल तर तो जागेचाच, दुसरं काही शोधत बसू नका.

फोनवर मी मावशीला जे सांगितलं तेच त्याच क्रमाने लिहितोय.

फोटो परत आणून झाले की बिनमधे उरलेलं एकदा नजर टाकून रिकामं करा. मग सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, आणि तिथे टेम्पररी फाइल्स. थोडा वेळ ते मोजत बसतं, चहा टाका. मग यादी येते: विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, थंबनेल्स, टेम्पररी फाइल्स वगैरे. हे सगळं टिक करून रिमूव्ह फाइल्स करा, बिनधास्त. पण याच यादीत डाउनलोड्स पण असतं!! त्याच्यावर टिक आपणहून नसते, पण लोक घाईत सगळ्यावरच टिक मारत सुटतात आणि मग लाइट बिलं, आधारची पीडीएफ, पोराची मार्कशीट, सगळं एका क्लिकमधे गेलं. ती एक टिक सोडून बाकी चालू द्या. मावशीकडे एवढ्यातच ६ जीबी निघाले, म्हणजे आधीचे ३ आणि बिनमधले २ धरून आता ११ मोकळे.

इथून पुढे आंधळेपणाने काही पुसायचं नाही, आधी कोण खातंय ते बघायचं. स्टोरेजच्याच पानावर वरती ॲप्स किती, डॉक्युमेंट्स किती असे पट्टे दिसतात, पण अदर नावाखाली बरंच काही लपतं. त्यापेक्षा विझट्री किंवा विनडिरस्टॅट टाका, दोन्ही घरगुती वापराला फुकट, त्यांच्याच मूळ साइटवरून घ्या, शोधल्यावर पहिल्या येणाऱ्या जाहिरातीतून नको. ते सगळी डिस्क चाळतं आणि सगळ्यात जाडजूड फोल्डर वर आणून ठेवतं. मला ही पायरी सगळ्यात आवडते कारण इथे दर वेळी काहीतरी भलतंच सापडतं. एकाकडे एकाच सिनेमाच्या तीन कॉप्या होत्या.

मावशीकडे सापडला १९ जीबीचा आयफोनचा बॅकअप. मावशीकडे आयफोन नाही! मावसभावाने कधीतरी त्याचा फोन जोडला होता, ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्रामने इमानदारीत बॅकअप घेतला, भाऊ गेला बंगलोरला, बॅकअप राहिला इथे. हा यूजर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमधे ॲपल, त्यात मोबाइलसिंक असा सापडतो, किंवा ॲपडेटामधे रोमिंगच्या आत (ॲपडेटा लपलेलं असतं, एक्सप्लोररमधे व्ह्यू, शो, हिडन आयटम्स केलं की दिसतं). फोल्डर हाताने उडवू नका, आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमधे डिव्हायसेसच्या टॅबवर जाऊन तिथून डिलीट करा. आणि ज्याचा फोन आहे त्याला आधी विचारा, आम्ही भावाला रात्री साडेदहाला उठवून विचारलं, तो म्हणाला टाक काढून, तो फोन विकून दोन वर्षं झाली.

दुसरं सापडलं लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ, ११ जीबी. असल्या गोष्टी पुसायच्या नसतात, हलवायच्या असतात. बाहेरच्या हार्ड डिस्कवर कट-पेस्ट नको, कॉपी करा, तिथून उघडून मधूनमधून चालवून बघा, डिस्क नीट इजेक्ट करून परत लावा आणि पुन्हा एकदा उघडतंय का बघा, मग इथला काढा. हे वाचून हसाल, पण मी एकदा कट-पेस्ट चालू असताना वायर हलली म्हणून अर्धा व्हिडिओ घालवलाय.

डाउनलोड्स फोल्डर साइझप्रमाणे लावा. एकच सातबारा पाच वेळा, कंसात एक, कंसात दोन असा. प्रोग्रामच्या सेटअप फाइल्स, ज्या एकदा टाकून झाल्या की काही कामाच्या नसतात. इथे फार वेळ घालवू नका मात्र, पीडीएफ हजार पुसल्या तरी काही शे एमबीच निघणार.

वनड्राइव्हवाल्यांनो (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण वापरणाऱ्यांनो), इथे जरा लक्ष द्या. बऱ्याच मशीनवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप वनड्राइव्हला जोडलेले असतात आणि लोकांना वाटतं वर कॉपी आहे ना, मग इथली डिलीट करू. तसं नाहीये, इथे डिलीट केलं की वरची पण जाते. पर्सनल अकाउंट असेल तर ३० दिवस त्यांच्या ऑनलाइन रिसायकल बिनमधे सापडेल, नंतर नाही. तुम्हाला पाहिजे ते वेगळंच आहे: फोल्डरवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस. मग फाइल ऑनलाइन राहते, इथे फक्त नाव आणि ढगाचं चित्र दिसतं, उघडली की परत उतरते. फुकटात ५ जीबीच मिळतात तिथे, तेवढ्यात फार काही मावत नाही ही गोष्ट वेगळी.

एवढ्यावर मावशीकडे ४० च्या वर मोकळे झाले, तिचं काम झालं. पण सगळ्यांकडे भावाचा बॅकअप नसणार, तर पुढचं.

आपल्याकडे दुकानदार मशीन असेंबल करून देताना डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देतात. सी ला ८० नाहीतर १०० जीबी, बाकी सगळं डी ला, आणि आपण आयुष्यभर डेस्कटॉपवर सेव्ह करतो जो सी मधेच असतो. मग सी लाल आणि डी वर वारा वाहतोय. यावर डाउनलोड्स, व्हिडिओज असल्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डी मधे त्यासाठी वेगळं फोल्डर करून ते दाखवायचं. थेट डी ड्राइव्ह दाखवू नका, आधी फोल्डर करा, नाहीतर नंतर निस्तरताना जीव जातो. डी चा तुकडा कापून सी ला जोडता येतो का असं सगळे विचारतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधे एक्स्टेंड व्हॉल्यूम तेव्हाच चालतं जेव्हा कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे असते, मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला लपलेला तुकडा) आलं की बटण फिकं पडतं. बॅकअप नसताना या वाटेला जाऊ नका.

अजून जागा हवी तर हायबरनेशन, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करायची सोय, ती बंद करा. त्यासाठी विंडोज रॅमच्या साधारण ४० टक्के एवढी एक फाइल सी वर राखून ठेवतं, म्हणजे ८ जीबी रॅमला तीनेक जीबी, १६ ला सहाच्या वर. स्टार्टमधे सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, आणि मग इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ, एंटर. फाइल लगेच जाते. मात्र फास्ट स्टार्टअप पण बंद होतं, त्यामुळे मशीन चालू व्हायला थोडं जास्त वेळ घेईल. अपडेट झालं की ऑफच्या जागी ऑन टाकून परत चालू करा.

त्याच काळ्या खिडकीत अजून एक: डी-आय-एस-एम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप, मधे बारीक रेघ, इमेज, स्पेस, स्लॅश स्टार्टकंपोनंटक्लीनअप (हे सलग, स्पेस न देता). हे विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमधले जुने झालेले तुकडे काढतं. वेळ लागतो, मधेच आकडा अडकल्यासारखा वाटतो, हात लावू नका. याच कमांडच्या पुढे रिसेटबेस लावा असं पण कोणी सांगतं, लावलंत तर आत्तापर्यंतची अपडेट्स नंतर काढता येत नाहीत, मी घरच्या मशीनवर लावत नाही. आणि ते फोल्डर एक्सप्लोररमधे जेवढं मोठं दिसतं तेवढं खरं नसतंच, एका वाड्याला दोन दरवाजे असले आणि दोन्हीकडून मोजलं तर दोन वाडे होतात तसं, त्यातल्या कित्येक फाइल्स विंडोजमधे दुसरीकडे पण दिसतात पण डिस्कवर एकदाच असतात. म्हणून ते हाताने पुसायचं नाही कधीच. विंडोजच्या आतलं इन्स्टॉलर फोल्डर पण नाही, ते उडवलं की प्रोग्राम अपडेट पण होत नाहीत आणि काढता पण येत नाहीत. पेजफाइलला (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) हात नको. आणि एका क्लिकमधे कॉम्प्युटर सुसाट करणारे क्लीनर तर मुळीच नको, ते स्वतःच जागा खातात, वर दर तासाला पैसे मागतात.

डाउनलोड अर्धवट होऊन अडकलं असेल तर त्याच खिडकीत नेट स्टॉप डब्ल्यूयूएयूएसईआरव्ही, मग नेट स्टॉप बिट्स, मग सी वरच्या विंडोज फोल्डरमधे सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन, त्यात डाउनलोड, त्याच्या आतलं सगळं पुसा (फोल्डर राहू द्या), मग दोन्ही सर्व्हिसेस नेट स्टार्टने चालू. अपडेट परत पहिल्यापासून उतरेल, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटाचं बघा.

एवढं करूनही जागा कमीच पडली तर विंडोज कधीकधी स्वतःच म्हणतं की यूएसबी ड्राइव्ह लावा, १० जीबी मोकळा असलेला पेनड्राइव्ह असेल तर लावा, तात्पुरता वापरतं. अपडेट पूर्ण होईपर्यंत काढू नका.

आता एक विचित्र प्रकार. सी वर ५० जीबी मोकळे आणि तरी अपडेट फेल. जानेवारी २०२४ मधे विंडोज १० चं केबी५०३४४४१ नावाचं अपडेट आलं होतं, ते अनेकांकडे ०एक्स८००७०६४३ एरर देऊन अडकायचं, कारण जागा सी वर नाही, लपलेल्या रिकव्हरी पार्टिशनमधे हवी होती, २५० एमबी. तिथे तुम्ही दिवाळीची साफसफाई केलीत तरी उपयोग शून्य. तेव्हा एरर कोड नीट बघा, फोटो काढून ठेवा, आणि जागा भरपूर असून एरर येत असेल तर पुसापुशी थांबवा, ते माहितीतल्या माणसाला दाखवा.

मावशीचं अपडेट रात्री लावून दिलं, चार्जर लावून, झाकण उघडं ठेवून. सकाळी झालेलं होतं. लगेच तिचा फोन, जागा परत कमी झाली! ते विंडोज डॉट ओल्ड. १० दिवसांनी आपोआप जातं, तोपर्यंत सगळं नीट चालतंय का बघून घ्यायचं, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, बँकेची साइट. फारच घाई असेल तर टेम्पररी फाइल्समधे प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन टिक करून आधीच काढता येतं, पण मग जुन्यावर परतीची वाट बंद. मी तिला थांब म्हटलं. शेवटी स्टोरेज सेन्स (विंडोजची आपोआप साफसफाई) चालू करून दिलं, महिन्यातून एकदा, आणि त्यातलं डाउनलोड्सचं नेव्हरवरच आहे ना ते बघून घेतलं.