कामावर लागलं तर: कॅलिफोर्नियात नवीन आलेल्यांसाठी

कामावर पाठ भरली, हात कापला, की आपल्या माणसाचा पहिला उद्योग म्हणजे ते लपवणं. "व्हिसावर आहे, उगाच बोभाटा नको." इमर्जन्सीत डॉक्टर विचारतात, कसं लागलं? आणि उत्तर जातं: "घरी जिन्यावरून घसरलो." पुढे आपलं हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड.

असं कधीही करू नका. कामावरच्या इजेचे उपचार आणि बुडालेला पगार मालकाने घेतलेल्या वर्कर्स कॉम्पेन्सेशन (वर्कर्स कॉम्प) इन्शुरन्समधून मिळतो, आणि तो तुमचा हक्क आहे. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी टाईप केलेली ओळ हा पुढच्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत वजनदार कागद असतो. तीन आठवड्यांनी एमआरआयमध्ये नस दबलेली निघते, मग तुम्ही क्लेम करता, आणि इन्शुरन्सचा ॲडजस्टर, म्हणजे क्लेम तपासणारा माणूस, तोच जिना काढून समोर ठेवतो. म्हणून स्पष्ट सांगा: कामावर लागलं, अमुक तारखेला, अमुक वस्तू उचलताना. दुखणारं सगळं सांगा. मनगट सुजलंय म्हणून नुसतं मनगट सांगाल, तर खांद्यासाठी नंतर भांडत बसाल. आपल्याकडे कळ सोसण्याला मोठेपणा आहे. इथे न सांगितलेली कळ कागदावर नसते, म्हणजे ती नव्हतीच.

व्हिसाचं म्हणाल, तर या हक्काला इमिग्रेशन स्टेटस आड येत नाही. कागदपत्रं नसलेल्या कामगारालाही तो आहे. क्लेम केला म्हणून कामावरून काढणं लेबर कोडच्या कलम १३२ए खाली बेकायदा आहे. चूक तुमची होती का, हेही सहसा पाहिलं जात नाही. नशेत असताना लागलं किंवा मारामारी तुम्हीच उकरून काढली, तर गोष्ट वेगळी.

मालकाला ३० दिवसांत कळवायचं असतं, पण त्याच दिवशी कळवा आणि ईमेलने कळवा. मॅनेजरला कॉफी घेताना सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही. कळल्यापासून कामकाजाच्या एका दिवसात मालकाने डीडब्ल्यूसी-१ हा क्लेमचा फॉर्म दिला पाहिजे. त्यातला कर्मचाऱ्याचा भाग भरा, सही-तारीख घाला, परत द्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा. खरं घड्याळ हा फॉर्म दिल्यावर चालू होतं. त्यानंतर कामकाजाच्या एका दिवसात उपचारांना मंजुरी द्यावी लागते, आणि निर्णय होईपर्यंत १०,००० डॉलरपर्यंतचा खर्च इन्शुरन्सकडे. ९० दिवसांत क्लेम नाकारला नाही, तर इजा कामामुळेच झाली असं कायदा धरून चालतो. नुसतं तोंडी सांगून थांबलात तर हे ९० दिवस सुरूच होत नाहीत.

पगार बुडाला तर साधारण दोन-तृतीयांश मिळतो, तोही ठरलेल्या कमाल मर्यादेत; त्यावर टॅक्स नाही. पहिल्या तीन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, पण रात्रभर हॉस्पिटलात राहावं लागलं किंवा १४ दिवसांपेक्षा जास्त काम बंद राहिलं तर तेही मिळतात. क्लेम अडकला असेल तर तोवर ईडीडी या राज्याच्या रोजगार खात्याकडे स्टेट डिसॅबिलिटीचा (काम करता येत नसताना मिळणाऱ्या पैशांचा) अर्ज टाकून ठेवा.

डॉक्टरने "दहा पौंडांवर उचलू नये" लिहिलं असेल, तर अकरा पौंडही उचलू नका, मॅनेजर कितीही गोड बोलला तरी. उलट, त्या मर्यादेत बसणारं हलकं काम मालकाने देऊ केलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर पैसे थांबू शकतात.

कीबोर्डवर वर्षानुवर्षं काम करून मनगट किंवा मान गेली, तर तीही कामावरचीच इजा. आयटीतल्या मंडळींना हे पटत नाही. त्यांच्या मते इजा फक्त गोदामात होते.

आता आपल्याच माणसांच्या दुकानांत, मोटेलांत काम करणाऱ्यांसाठी. एकच नोकर असला तरी मालकाला हा इन्शुरन्स घ्यावाच लागतो. "घरचेच आहात, बिल मी भरतो, फॉर्म कशाला?" हे वाक्य आलं की सावध व्हा. पहिलं बिल भरलं जातं; सर्जरीचं बिल येतं तेव्हा घरपण संपतं. १०९९ वर, म्हणजे नोकर न दाखवता कंत्राटी म्हणून ठेवलंय, म्हणून हक्क जात नाही. काम खरोखर कसं चालतं ते पाहिलं जातं. मालकाने इन्शुरन्स घेतलाच नसेल, तर त्यासाठी राज्याचा वेगळा फंड आहे.

क्लेम नाकारला तर घाबरू नका, पण वर्षही घालवू नका: वर्कर्स कॉम्पच्या बोर्डाकडे अर्ज करायची मुदत साधारणपणे इजेपासून एक वर्ष असते. राज्याच्या डिव्हिजन ऑफ वर्कर्स कॉम्पेन्सेशनमध्ये इन्फर्मेशन अँड असिस्टन्स ऑफिसर फुकट मदत करतात. वकील आधी पैसे घेत नाही. त्याची फी शेवटी मिळणाऱ्या रकमेतून कापली जाते, बहुधा ९ ते १५ टक्के, आणि ती न्यायाधीश मंजूर करतात.

इंग्रजी अडत असेल तर तपासणीला दुभाषा मागा, खर्च तुमचा नाही. डॉक्टरकडे जाण्या-येण्याचे मैल वहीत लिहा आणि पार्किंगच्या पावत्या जपा. तेही पैसे परत मिळतात.