शोकात्म राणीचे जुने एचिंग कसे पारखावे व कसे जपावे

छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात इझोल्डसारख्या (ट्रिस्टनच्या मध्ययुगीन युरोपीय प्रेमकथेतील नायिका) दुःखी राणीचे विलायती छापील चित्र सापडले, तर चौकट उघडण्याची घाई करू नये. १८४८ मध्ये लंडनमध्ये एकत्र आलेल्या प्री-राफेलाइट चित्रकारांना आणि त्यांच्या अनुयायांना अशा राण्यांच्या कथांची ओढ होती. त्यांच्याच वर्तुळातील इंग्रज कलावंत विल्यम मॉरिसने १८५८ मध्ये इझोल्डच रंगवली.

प्रथम भिंग घ्यावे. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावरील मेणथरात सुईने ओढलेल्या रेषा आम्लाने खोदल्या जातात, त्यामुळे छापलेली रेषा किंचित उठावदार असते आणि तिचे टोक बोथट दिसते. बुरिनने, म्हणजे धातू कोरण्याच्या टोकदार पोलादी हत्याराने, कोरलेली रेषा मात्र टोकाकडे निमुळती होते. समान अंतरावरचे ठिपके दिसले, तर ती यांत्रिक छपाई समजावी. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची खोलगट कड शोधावी, परंतु कागद कापलेला असल्यास ती नसेल. समासातील पेन्सिलची सही कधीही पुसू नये.

मराठवाड्यातील चाळिशीपार उन्हाळा कागद ठिसूळ करतो आणि पावसाळ्यातील ओल त्यावर तपकिरी डाग उमटवते, म्हणून चित्र उन्हापासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर टांगावे. मागची जुनी लाकडी फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा, कागद काचेला टेकू देऊ नये. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन मला अक्षम्य वाटतात. डाग घरी धुऊ नयेत. ते काम कागद-संवर्धकाकडेच सोपवावे.