रनिंग मेट जाहीर झाला की नक्की काय बघायचं?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपला रनिंग मेट, म्हणजे जोडीचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार, जाहीर केला की तासाभरात आपल्या ग्रुपांवर दोन प्रश्न पडलेले असतात, हा कुठल्या राज्याचा आणि ह्याच्यामुळे मतं किती वाढणार. २०२० मध्ये कमला हॅरिसच्या वेळी त्यात तिसरा प्रश्न होता, आईकडून आपलीच ना, आणि २०२४ मध्ये जे. डी. व्हान्सच्या बायकोचं, उषाचं, तेलुगू माहेर शोधून झालं. कौतुक वाटणं साहजिक आहे, पण ह्यातून निवडणुकीचं काहीच कळत नाही. मला इतकी वर्षं हे बघून जे ठामपणे वाटतं ते असं, की रनिंग मेट स्वतः फारशी मतं आणत नाही, पण त्याला निवडणारा माणूस कसा आहे हे तो लोकांना दाखवतो, आणि प्रचारावर जो काय परिणाम होतो तो मुख्यतः ह्याच वाटेने. २०२८ च्या उन्हाळ्यात हे सगळं परत होणार आहे तर तेव्हा बातमी कशी वाचायची ते सांगतो.

सुरुवातीला आपला उपराष्ट्रपती डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे खासदार त्याला वेगळ्या निवडणुकीत निवडतात. तिकडे मतदार एकाच तिकिटाला मत देतो, वर अध्यक्ष खाली उपाध्यक्ष, वेगळं वेगळं निवडायची सोयच नाही. म्हणजे खालचा माणूस आवडला आणि वरचा नाही तर मत कोणाला? वरच्याकडे बघूनच ठरतं. हे लक्षात ठेवलं की अर्धी चर्चा आपोआप गळून पडते.

आता राज्याचं गणित. ह्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. अध्यक्ष ठरतो इलेक्टोरल मतांवर, ती प्रत्येक राज्याला ठरलेली असतात आणि बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला सगळी मिळतात. एकूण ५३८, जिंकायला २७०, त्यामुळे मोठ्या राज्यातला माणूस घेतला की ते राज्य खिशात असं वाटतं आणि दाखला नेहमी १९६० चा दिला जातो, केनेडीने टेक्ससचा लिंडन जॉन्सन घेतला आणि टेक्सस जिंकलं. जिंकलं हे खरं, साधारण ४६ हजार मतांनी, आणि त्याआधी १९५६ ला ते आयझेनहॉवरकडे गेलं होतं. पण नीट बघा, टेक्ससची मतं होती २४, केनेडीला एकूण मिळाली ३०३ आणि तेव्हा बहुमताला लागत होती २६९, म्हणजे नुसतं टेक्सस गेलं असतं तरी तो २७९ वर जिंकलाच असता. जॉन्सनचं खरं काम होतं अख्ख्या दक्षिणेत, तिथे एका कॅथलिक उत्तरेकडच्या माणसाबद्दल लोकांना शंका होती आणि जॉन्सन ट्रेनने गावोगाव फिरून सांगत होता की हा आपलाच आहे. दक्षिणेतली तीनचार राज्यं टेक्सससोबत निसटली असती तर मात्र खेळ संपला होता.

आणि उलटे दाखले ढीगभर आहेत ते कोणी देत नाही. १९८८ ला डुकाकिसने टेक्ससचाच सिनेटर लॉइड बेंट्सन घेतला, टेक्सस गेलं थोरल्या बुशकडे, आणि त्याच दिवशी त्याच टेक्ससने बेंट्सनला सिनेटवर परत निवडून दिलं! म्हणजे माणूस आवडत होता, तिकीट नको होतं. २००४ ला जॉन एडवर्ड्स होता तरी नॉर्थ कॅरोलायना गेलं, २०१२ ला पॉल रायन होता तरी विस्कॉन्सिन गेलं. दुसऱ्या बाजूला धाकट्या बुशच्या रनिंग मेटच्या, चेनीच्या, वायोमिंगची मतं ३ आणि बायडनच्या डेलावेअरची पण ३, तरी दोघं उपाध्यक्ष झाले. (चेनी तर बुशसारखा टेक्ससमध्येच राहत होता, पण ही मतं टाकणाऱ्या इलेक्टरला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन्ही मतं स्वतःच्याच राज्यातल्या माणसांना देता येत नाहीत म्हणून त्याने २००० च्या जुलैमध्ये मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुशला शेवटी मिळाली २७१, त्यामुळे चेनीसाठी टेक्ससच्या ३२ मतांचा वांधा केवढा मोठा झाला असता बघा.) सांगायचं म्हणजे राज्य बघा, पण पाच मिनिटं, त्याहून जास्त वेळ नको.

त्याऐवजी असं करा, एका कागदावर वरच्या उमेदवाराची जी सगळ्यात मोठी अडचण आहे ती एका वाक्यात लिहा आणि मग बघा की निवडलेला माणूस त्या वाक्याला उत्तर आहे का. २००८ ला ओबामाचं वाक्य होतं, नवखा आहे, परराष्ट्र धोरणाचा अनुभव नाही, आणि उत्तर होतं बायडन, १९७३ पासून सिनेटमध्ये आणि तिथल्या परराष्ट्र समितीचा अध्यक्ष. २०१६ ला ट्रम्पबद्दल धार्मिक ख्रिस्ती मतदार साशंक होते, उत्तर होतं माइक पेन्स. १९८० ला रेगनने प्रायमरीत, म्हणजे पक्षातल्या उमेदवारीच्या निवडणुकीत, ज्याला हरवलं त्या थोरल्या बुशलाच सोबत घेतलं कारण अडचण पक्षातल्या दुफळीची होती.

कधी कधी उत्तर नसतंच, उलट आहे तेच दुप्पट जोरात सांगितलेलं असतं. १९९२ ला क्लिंटन ४५ चा आणि गोर ४४ चा, आर्कान्सा आणि टेनेसी शेजारी शेजारी, दोघं मध्यममार्गी, सगळे म्हणाले हा काय समतोल झाला का. पण कन्व्हेन्शन, म्हणजे उमेदवारीवर शिक्का मारणारं पक्षाचं अधिवेशन, संपल्यावर दोघं बायकांना घेऊन बसने निघाले आणि पिढी बदलतेय हे लोकांना डोळ्यांनी दिसलं. २०२४ ला ट्रम्पने ३९ वर्षांचा व्हान्स घेतला तेही ह्याच प्रकारातलं, पेनसिल्व्हेनियात ट्रम्पवर गोळीबार होऊन दोन दिवस झाले होते, पोलमध्ये तो पुढे होता, आणि पुढे असलेला उमेदवार अडचण झाकायला माणूस शोधत नाही, वारस शोधतो. आठवडा व्हायच्या आत बायडनने माघार घेतली आणि समोरचा उमेदवारच बदलून हॅरिस आली, ते मात्र कोणाच्या हिशोबात नव्हतं.

पुढची गोष्ट, किती घाईत निवडलं. तिकडे ह्याला व्हेटिंग म्हणतात, वकिलांची टीम इच्छुकाचे टॅक्स, आजारपण, जुनी भाषणं, नवऱ्याचे नाहीतर बायकोचे व्यवहार सगळं उकरते. हे नीट झालं नाही तर काय होतं त्याचा धडा १९७२ चा. मॅकगव्हर्नने कन्व्हेन्शनच्या धावपळीत मिसूरीचा सिनेटर थॉमस ईगलटन घेतला, मग कळलं की त्याला डिप्रेशनसाठी हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं होतं आणि विजेचे झटके दिले होते. मॅकगव्हर्न आधी म्हणाला मी एक हजार टक्के त्याच्या पाठीशी आहे, आणि थोड्याच दिवसांत त्याला काढलं. आजारी पडणं हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता आणि ते प्रकरण वाचताना मला आजही वाईट वाटतं, पण मतदाराला दिसलं ते एवढंच की हा उमेदवार शब्दाला टिकत नाही. निक्सन तसाही खूप पुढे होता, पण मॅकगव्हर्नची सगळी जमापुंजी होती ती त्याचा प्रामाणिकपणा, आणि घाव नेमका तिथेच बसला. शेवटी त्याला फक्त मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डीसी मिळालं. १९८४ ला जेराल्डिन फेरारो, मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची पहिली बाई, तिच्या बाबतीत नवऱ्याच्या पैशांच्या प्रश्नांनी ऑगस्टचे कितीतरी दिवस खाल्ले. प्रचारात दिवस हीच खरी किंमत असते, रोज एक बातमी आपली की समोरच्याची एवढंच मोजायचं.

म्हणून जाहीर झाल्यापासून पहिले दोन आठवडे नीट बघा. किती दिवस उमेदवार स्वतःचा मुद्दा मांडतोय आणि किती दिवस रनिंग मेटच्या जुन्या वाक्यांचे खुलासे देतोय हे कॅलेंडरवर मार्क करा, व्हान्सच्या मूल नसलेल्या आणि मांजरं पाळणाऱ्या बायकांबद्दलच्या २०२१ च्या वाक्याने किती जागा खाल्ली ते आठवत असेल. दुसरं म्हणजे पैसे आणि कार्यकर्ते. २०२० ला हॅरिसचं नाव आल्यावर बायडनच्या प्रचाराला ४८ तासांत ४ कोटी ८० लाख डॉलर आले, त्याने कुंपणावरचा मतदार हलला असं नाही, पण आपल्याच घरातले लोक जागे झाले. २००८ ला मॅकेनची रनिंग मेट सारा पेलिनने हेच केलं, त्याच्या सभा भरायला लागल्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला काही पोलमध्ये तो पुढेही गेला.

पण पेलिनच्याच केसमध्ये सगळ्यात मोठी काळजी घ्यावी लागते. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली आणि महिनाअखेरीस टीव्ही पत्रकार केटी कुरिकने घेतलेल्या मुलाखती आल्या, त्यात पेलिन अडखळली, त्यामुळे मॅकेन खाली आला तो बँकेमुळे की मुलाखतीमुळे हे वेगळं काढणं फार अवघड. तरी एक दिसतं, मॅकेन ७२ वर्षांचा होता, अनुभव हाच त्याचा मुद्दा होता आणि नवख्या पेलिनला घेऊन ओबामाला अननुभवी म्हणायची सोय त्याने स्वतःच्या हाताने घालवली. पोल वाचताना म्हणून दोन्ही कन्व्हेन्शन होऊन दोन आठवडे जाईपर्यंत थांबा, आणि रनिंग मेट आवडतो का ह्या आकड्यापेक्षा उद्या वेळ आली तर हा अध्यक्ष व्हायला लायक वाटतो का हा प्रश्न शोधा. तो प्रश्न काल्पनिक नाहीये, १९४५ ला ट्रुमन उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते आणि रूझवेल्ट गेला.

रनिंग मेटांच्या डिबेटला फार महत्त्व देऊ नका. १९८८ ला बेंट्सन थोरल्या बुशच्या रनिंग मेटला, डॅन क्वेलला, म्हणाला, सिनेटर, तुम्ही जॅक केनेडी नाही, ते वाक्य अजून सगळ्यांना पाठ आहे आणि क्वेलच्या तिकिटाने तरीही ४० राज्यं जिंकली.

आणि निकालानंतर कोणी म्हणालं की अमक्याने आपलं राज्य वाचवलं तर हे करून बघा. २०२४ चं मिनेसोटा घ्या, हॅरिसच्या रनिंग मेटचं, टिम वॉल्झचं. २०२० ला बायडन तिथे साधारण ७ टक्क्यांनी पुढे, २०२४ ला हॅरिस साधारण ४ ने, म्हणजे ३ ची घसरण. देशभरात घसरण साधारण ६ ची, म्हणजे वॉल्झने वाचवलं असं वाटेल. मग शेजारचं विस्कॉन्सिन बघा, तिथे रनिंग मेट नाही तरी घसरण जेमतेम दीडची, कारण स्विंग स्टेट, म्हणजे कोणाकडेही झुकू शकणारं राज्य, म्हणून तिथे जाहिराती आणि सभा दोन्ही बाजूंनी तुफान होत्या. आणि दुसऱ्या बाजूचं आयोवा बघा, तिथे ५ ची. तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा आणि मगच वॉल्झचा वाटा किती ते बोला, आणि पेनसिल्व्हेनियाच्या तेव्हाच्या गव्हर्नरला, जोश शपिरोला, घेतलं असतं तर तिथली १९ मतं मिळाली असती असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्यालाही हेच तीन आकडे दाखवा, शिवाय हॅरिस सातही स्विंग स्टेट हरली, एकट्या १९ ने काही होणारच नव्हतं.