पिधानकारी ताऱ्यांचं तेज मोजताय? या चुका टाळा

पिधानकारी तारे म्हणजे फिरताना एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी; झाकलं की तेज घटतं. ययाती तारकासमूहातला अलगोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ वरून ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा, तर तारा मंद). उतरून पुन्हा चढायला साधारण दहा तास लागतात. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, म्हणून बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, आणि पहिली ठेच शेजारच्याच ताऱ्याला लागते. ऱ्हो पर्सेई हा ययातीतलाच तारा तेजाच्या तुलनेला हाताशी असतो खरा, पण तो स्वतःच रूपविकारी (तेज बदलणारा) आहे, ३.३ ते ४.० मध्ये हलणारा. डेल्टा (३.०) आणि कॅपा पर्सेई (३.८) घ्या.

मग घड्याळ. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलनिरीक्षणात तारखेऐवजी वापरतात तो दिवसांचा सलग क्रमांक, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच दिवसात बसते. मध्यरात्रीनंतर वहीत तो आकडा एकाने वाढवला असेल, तर घोळ तिथेच आहे. सूर्यकेंद्री दुरुस्तीही, म्हणजे वेळ पृथ्वीऐवजी सूर्यावरून पाहिल्यासारखी मोजणं, विसरू नका. ती नसेल तर वेळ आठ मिनिटांपर्यंत इकडेतिकडे होते.

दुरुस्ती करूनही पिधानाच्या अपेक्षित वेळेशी फरक उरला, तरी ‘ताऱ्यांमध्ये वस्तुमान वाहतंय’ असं लिहून मोकळं होऊ नका. अलगोल ही जोडी नाही, तिघांचं कुटुंब आहे. तिसरा तारा सुमारे ६८० दिवसांत फेरी घालतो. त्याच्या ओढीनं जोडी आपल्यापासून जवळ-लांब होते, प्रकाश पोहोचायला कमी-जास्त वेळ लागतो आणि पिधानाची वेळ मागेपुढे सरकते.

सगळ्यात जास्त हळहळ मात्र आरझेड कॅसिओपिईची वाटते. शर्मिष्ठेतला हा तारा १.१९५ दिवसांच्या आवर्तनात ६.२ वरून ७.७ पर्यंत उतरतो. त्यातला तेजस्वी तारा पिधानाबरोबरच स्पंदनही करतो, म्हणजे त्याचं स्वतःचं तेज लयीत कमी-जास्त होतं: दर २२ मिनिटांनी, जेमतेम दोन शतांश प्रतीचं. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून मी वीस-वीस मिनिटांच्या फोटोंची सरासरी काढली होती. वक्र देखणा आला, स्पंदन साफ पुसलं गेलं. मूळ फोटो होते म्हणून वाचलो.

तेव्हा सरासरी दोन-तीन मिनिटांपुढे नेऊ नका. पिधानाचा वक्र आधी वजा करा, मगच उरलेल्यात आवर्तन शोधा. उलट केलंत तर सॉफ्टवेअर कक्षेच्याच आवर्तनाचे भाग तुम्हाला स्पंदन म्हणून देईल. आणि पिधानातले बिंदू ‘खराब’ म्हणून टाकू नका. तारा झाकला जाताना ती बारीक लाट बदलते, आणि दोघांपैकी स्पंदन कोण करतंय हे तिथेच कळतं.