थ्रीडी सीन बघून नुसतं "भारी" म्हणताय? या चुका टाळा

मागे एका मित्राने त्याने केलेलं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडीत बनवलेलं चित्र, पाठवलं, पेठेतल्या जुन्या वाड्याची ओसरी, दुपारची वेळ, फ्रेममध्ये माणूस एकही नाही. मी मोबाईलवर बघितलं, "एक नंबर, फोटोच वाटतोय" टाकलं आणि कामाला लागलो. त्याने विचारलं, खांब बघितलास का रे? नव्हता बघितला.

रात्री लॅपटॉपवर उघडलं तर लाकडी खांबावर, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, तेलकट काळपट डाग होता, म्हणजे तिथे कोणीतरी रोज डोकं टेकवून बसतं. दगडी पायरी मधोमध झिजलेली, कडेला मात्र अजून धार. आणि तांब्याखाली फरशीवर ओला गोल, पण तांब्या त्या गोलापासून बोटभर सरकलेला, म्हणजे आत्ताच कोणीतरी पाणी पिऊन आत गेलंय. माणूस नसलेल्या चित्रात मला अचानक एक आजोबा दिसायला लागले.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, "फोटोसारखं दिसतंय का" एवढ्यावरच थांबणं. फोटोत डाग, धूळ, ओरखडे फुकट येतात, थ्रीडीत काहीच आपोआप झिजत नाही, वस्तूचं थ्रीडी मॉडेल रेडीमेड घेतलं तरी ते कुठे ठेवायचं, किती जुनं करायचं हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. म्हणून सीन उघडला की आधी विचारा, इथून आत्ता कोण उठून गेलं?

दुसरी चूक मोबाईलची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली इमेज दाबली जाते, अंधारातले बारकावे आधी जातात, आकाशात पट्टे दिसतात, मग आपण म्हणतो काम कच्चं आहे. डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाईट मोड बंद करा (तो सगळं पिवळट करतो), ब्राइटनेस वाढवा, आधी पूर्ण बघा मग १०० टक्के झूम करून कोपरे बघा. तरीही भिंत मेणासारखी गुळगुळीत वाटली तर बहुतेक डीनॉइजरने (चित्रातले दाणे काढणारं टूल) टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, पुसलंय, आणि वस्तू तरंगल्यासारखी वाटत असेल तर ती जिथे टेकते तिथली बारीक सावली शोधा, बऱ्याचदा तीच गायब असते.

उजेड न वाचणं ही पण चूकच आणि ही मला स्वतःला फार उशिरा कळली. त्या ओसरीत लाल कोबा होता आणि पांढऱ्या भिंतीच्या खालच्या भागावर हलका लालसर रंग चढला होता, मला वाटलं रंग सांडलाय, पण तो कोब्यावरून उसळलेला उजेड. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी रंगीत भिंतींचा एक साधा खोका करून हेच कॉम्प्युटरवर दाखवलं होतं, आणि १९८६ मध्ये जेम्स काजिया या संशोधकाने उजेडाच्या या सगळ्या उड्या एका समीकरणात बसवल्या, आजचे बरेच रेंडरर (सीनवरून चित्र बनवणारी सॉफ्टवेअर) त्यावरच चालतात. सावलीवरून वेळही कळते. मे महिन्यात पुण्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावली पायाशी गोळा होते, मग मेची भर दुपार दाखवायची आणि सावल्या अंगणभर लांब, तर खटकणारच.

"कुठलं सॉफ्टवेअर? ग्राफिक कार्ड कोणतं?" हा प्रश्न विचारा की, पण पहिला नको. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घेऊन तो तेलकट डाग कोणालाही सुचेल असं नाही. आणि सामान जास्त म्हणजे गोष्ट जास्त असंही नसतं, पसारा कोणीही भरू शकतो.

नजर तयार करायची तर खऱ्या वस्तू बघा. बाजीराव रोडजवळ केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, त्यांच्या कडा निवांत बघा. वापरातल्या वस्तूची कड कधी कागदासारखी धारदार नसते, थोडी गोल होते आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ धरते. रेंडरमध्ये ही रेघ नसेल तर वस्तू खोटी वाटते, पण का ते पटकन सांगता येत नाही.

मित्राला नंतर सरकलेल्या तांब्याचं सांगितलं. म्हणाला, त्या ओल्या गोलावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि तो दिसला असं सांगणारा तू पहिलाच.