मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

२^६१ − १, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१, ही मूळ संख्या आहे. रशियातले धर्मगुरू इव्हान पर्वुशिन यांनी हे १८८३ मध्येच दाखवलं होतं. आता जावास्क्रिप्टमध्ये साध्या नंबरने ती काढा आणि २ ने भागा. बाकी ० येते! साध्या नंबरमध्ये २^५३ पुढचे सगळे पूर्णांक अचूक मावत नाहीत. तो '−१' गळतो आणि आपण २^६१ तपासत बसतो. एक्सेलही १५ अंकांपुढे शून्यं भरतं. जावास्क्रिप्टचा बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक अचूक ठेवणारा प्रकार) किंवा पायथन वापरा.

घातांक मूळ आहे म्हणून २^p − १ मूळ, असंही धरू नका. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

सगळ्यात फसवी चूक फर्माच्या चाचणीत होते. तपासायची संख्या n; २ चा (पाया) (n − १) वा घात घेऊन n ने भागायचं. बाकी १ आली की 'मूळ' म्हणून मोकळं व्हायचं. पण p मूळ असेल तर २^p − १ या रूपातली प्रत्येक संख्या ही चाचणी पास होते, मूळ असो वा संयुक्त. कारण साधं आहे: n = २^p − १ ने भागल्यावर २^p ची बाकी १ उरते, आणि n − १ ला p ने नि:शेष भाग जातो. म्हणजे इथे पाया २ घेणं व्यर्थच. २०४७ साठी पाया ३ घ्या, बाकी १०१३ येते आणि बिंग फुटतं.

२^p − १ साठी खात्रीचा निकाल ल्युका-लेमर चाचणी देते (p विषम मूळ हवा). ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, आणि प्रत्येक पायरीला २^p − १ ने भागून बाकी घ्यायची. नाहीतर आकडा आवाक्याबाहेर जातो. पायऱ्या मात्र p − २ च. ३१ (२^५ − १) साठी ४, १४, ८, ०: तीन पायऱ्यांत शून्य, म्हणजे मूळ. चौथी पायरी केलीत तर २९ येईल आणि चांगली मूळ संख्या तुम्ही संयुक्त ठरवाल.

शून्य आलं नाही, तर ही चाचणी विभाजक सांगत नाही. २^६७ − १ संयुक्त आहे हे फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं. १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे अवयव अमेरिकन गणिती कोलने मांडले ते १९०३ मध्ये. विभाजक शोधायचेच असतील तर सरसकट भागत सुटू नका. इथे ते १३४k + १ (१३४ = २ × ६७, k पूर्णांक) याच रूपात असतात, आणि ८ ने भागल्यावर त्यांची बाकी १ किंवा ७ च येते.